रक्तांतील लोह आणि एक अल्पायुषी वायु

सकाळच्या वेळीं भाईंदर स्थानकाच्या पुलावर जी धांवपळ चालते, ती बहुतेकांच्या परिचयाची आहे. चर्चगेटची गाडी गांठण्यासाठीं एखादा कारकून पायऱ्या भराभर चढतो, आणि डब्यांत शिरतो तेव्हां त्याची छाती धडधडत असते. एवढ्या अवधींत त्याच्या पायांच्या स्नायूंना अधिक प्राणवायु लागतो, व तो मिळावा म्हणून तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात. रुंदावण्याची आज्ञा त्यांना ज्या दूतांकडून मिळते, त्यांपैकीं एक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. नत्राचा एक परमाणु आणि प्राणवायूचा एक परमाणु, एवढाच त्याचा संसार. काशीमिऱ्याच्या महामार्गावर मोटारींच्या धुरांत सांपडतो तो हाच वायु. शरीरांत मात्र रक्तवाहिन्यांच्या अस्तरांतील पेशी तो अत्यल्प प्रमाणांत स्वतः निर्माण करतात. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आज्ञा पोंचविल्यावर या दूताचें काय होतें? प्राणवायूशीं त्याची झटापट होते, हें प्रीस्टलेनें १७७२ सालींच दाखविलें होतें. हवेंत मिसळतांच हा रंगहीन वायु तांबूस होतो. परंतु द्रवांत तो अत्यंत विरळ असला, तर मोकळ्या प्राणवायूशीं त्याची क्रिया फार मंद चालते. कारण तीसाठीं त्याचे दोन रेणु लागतात. रक्तांतील बहुतेक प्राणवायु मात्र मोकळा नसतो. तो हिमोग्लोबिनमधील लोहाला जोडलेला असतो, आणि अशा बांधलेल्या प्राणवायूवर नायट्रिक ऑक्साइडचा एकटा रेणुहि तत्काळ तुटून पडतो. क्षणमात्र एक अस्थिर संयुग बनतें व त्याचें नायट्रेट होतें. मागें उरलेलें लोह आतां प्राणवायु धरूं शकत नाहीं. अशा तपकिरी हिमोग्लोबिनला मिथेमोग्लोबिन म्हणतात. त्याला पूर्वस्थितीवर आणणारें एन्झाइम तांबड्या पेशींतच असतें, म्हणून निरोगी माणसास त्याचा उपद्रव होत नाहीं.

ही क्रिया इतकी जलद, तर निरोप पोंचण्यापूर्वींच दूत नाहींसा कां होत नाहीं? याचें कारण हिमोग्लोबिन पेशींत कोंडलेलें असतें. शिवाय रक्त वाहतांना पेशी मध्यभागानें धांवतात, व भिंतीलगत पेशीविरहित द्रवाचा पातळ थर राहतो. हें अंतरच दूतास वांचवितें.

सिकल सेल विकारांत नेमकें हें अंतर नाहींसें होतें. कोयत्यासारख्या वांकलेल्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन द्रवांत उतरतें आणि भिंतीशींच नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतें. वाहिन्या आंवळल्या जातात. रोग्याच्या यातनांत व फुप्फुसांतील वाढत्या रक्तदाबांत याचाहि वांटा असतो. महाराष्ट्रांत नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत हा आनुवंशिक विकार विशेष आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली. माता व पिता दोघेहि वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक बहुधा धडधाकट असतो; म्हणून विवाहापूर्वीं रक्ततपासणी करणें हाच शहाणपणाचा मार्ग होय.

भाईंदरहून सुटलेली गाडी मिरारोडला पोंचेपर्यंत त्या कारकुनाचा श्वास स्थिरावतो. त्याला धांवण्याचें बळ देणाऱ्या वायूचें एव्हांना नायट्रेट झालेलें असतें.