आधी मजकूर, मग मांडणी

वेबसाइटचं डिझाइन करताना मजकुराच्या जागी बरेच जण ‘लोरेम इप्सम’ भरून ठेवतात. रोमन लेखक सिसेरोच्या इ. स. पूर्व ४५ मधल्या लॅटिन ग्रंथातून मोडतोड करून घेतलेले हे शब्द. मग खरा मराठी मजकूर येतो आणि बसवलेली घडी विस्कटते. ‘कर्तृत्व’ शब्दाचा रफार वरच्या ओळीला टेकतो, खालचा ऋकार खालच्या ओळीला; बटणात शब्द मावत नाहीत. म्हणून डिझायनरने स्वतः लिहायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या १९९७ च्या पाहणीत ७९ टक्के वाचक नव्या पानावरून नुसती नजर फिरवत होते. शब्दन् शब्द वाचणारे अवघे १६ टक्के. तेव्हा मुद्दा पहिल्याच वाक्यात हवा. बटणावर नुसतं ‘सादर करा’ नको, ‘अर्ज पाठवा’ लिहा. ‘अवैध माहिती’ असं दटावण्याऐवजी ‘मोबाइल नंबर दहा आकडी हवा’ असं सांगा.

आणि लिहून झालं की ते पान घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचायला द्या. ते जिथे अडखळतील, ते वाक्य बदला.