सरोवराची प्रदक्षिणा

जलाला प्रदक्षिणा घालण्याची कल्पना मराठी मनाला अपरिचित नाही. नर्मदेची परिक्रमा करणारा यात्रेकरू नदीला सदैव उजव्या हाताला ठेवतो आणि तिचे पात्र वाटेत ओलांडीत नाही. आजची हकीकत अशाच एका परिक्रमेची आहे. मात्र येथे नर्मदेच्या जागी उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवर आहे, पायांच्या जागी मोटार आहे, आणि यात्रेकरूंत दहा वर्षांची एक मुलगी व सहा वर्षांचा तिचा भाऊ आहे.

सरोवर म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पैलतीर दिसणारे पाणी उभे राहते. सुपीरियरचे तसे नाही. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. खोली अधिकात अधिक ४०६ मीटर. काठच्या ओजिब्वे लोकांनी त्याला 'गिचिगामी', म्हणजे महाजल, असे नाव दिले, ते यथार्थ आहे. त्याच्या भोवतीचा मार्ग सुमारे २,१०० किलोमीटर लांबीचा असून मिशिगन, विस्कॉन्सिन व मिनेसोटा ही अमेरिकेची तीन राज्ये आणि कॅनडाचा ओन्टारियो प्रांत यांतून जातो. पूर्वोत्तर किनाऱ्यावरील कड्यांमुळे हा फेरा फार दिवस अपुरा होता. १९६० साली तेथील रस्ता खुला झाला, तेव्हा कोठे मोटारीने प्रदक्षिणा शक्य झाली.

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या या मराठी कुटुंबातील वडिलांनी सात दिवसांचे वेळापत्रक आखले होते. कोठे किती मिनिटे थांबावयाचे, हेही त्यात लिहिलेले होते. पुण्याहून आलेल्या आजींनी एकच दुरुस्ती सुचविली : "अरे, पाणी उजव्या हाताला राहू दे." मौज अशी की, त्या देशात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्यामुळे तसे केल्याने मोटार पाण्याच्या अंगाला राहते, आणि काठावर थांबण्यासाठी समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग ओलांडावी लागत नाही. आजींची श्रद्धा आणि चालकाची सोय यांचे असे एकमत झाले.

पहिला मुक्काम व्हाइटफिश पॉइंट. तेथील संग्रहालयात 'एडमंड फिट्झजेराल्ड' या जहाजाची घंटा ठेवलेली आहे. लोहखनिज घेऊन निघालेले हे २२२ मीटर लांबीचे जहाज १० नोव्हेंबर १९७५ रोजी वादळात बुडाले. २९ खलाशांपैकी एकही वाचला नाही. आसऱ्याचा उपसागर तेथून तीस किलोमीटरांच्या आत होता. १९९५ साली ही घंटा तळातून वर काढली. दरवर्षी त्या तिथीस ती २९ वेळा, आणि या महासरोवरांवर बुडालेल्या सर्वांसाठी आणखी एकदा वाजविली जाते. धाकट्याने बोटांवर २९ मोजून पाहिले. हातांची बोटे पुरली नाहीत. मुलीने विचारले, "बाबा, ते आधीच का नाही थांबले?" जहाज का बुडाले याविषयी जाणत्यांतही मतभेद आहेत. वडील काही बोलले नाहीत.

पुढे वेळापत्रक ढासळू लागले. डुलूथ येथे जहाजाला वाट देण्यासाठी अखंड पूल उभाच्या उभा वर उचलला जातो. तो एकदा पाहून धाकट्याचे समाधान होईना. तीन जहाजे जाईपर्यंत सर्वांना तेथे उभे राहावे लागले. उत्तर किनाऱ्यावर वीस मिनिटांसाठी थांबलेली मोटार दोन तास हलली नाही, कारण वाळूत तांबूस, पट्टेदार अकीक सापडू लागले. लाव्हारसातील पोकळ्यांत हे खडे तयार होतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातही असेच अकीक मिळतात, हे आईने सांगताच ती परकी वाळू मुलांना एकदम घरची वाटली. त्यातच कॅनडाची सरहद्द ओलांडताच घड्याळ एक तास पुढे करावे लागले. वडील वैतागले, धाकटा मात्र तो हरवलेला तास कोठे गेला, याचा शोध घेत बसला.

थंडर बे शहराबाहेर, हमरस्त्याच्या वर एका उंचवट्यावर टेरी फॉक्स या तरुणाचा पुतळा आहे. कर्करोगाने एक पाय गेलेला हा युवक कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवावा म्हणून कृत्रिम पायाने कॅनडा ओलांडण्यास निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजी, रोग फुप्फुसात पोहोचल्यामुळे तो या परिसरात थांबला. पुढल्या वर्षी जूनमध्ये त्याचा अंत झाला. "म्हणजे त्याची वाट पुरी झालीच नाही?" मुलीने विचारले. आजी म्हणाल्या, "पुरी झाली नाही, म्हणून वाया गेली असे थोडेच आहे?"

या प्रश्नोत्तराचा खरा अर्थ सहाव्या दिवशी कळला. अगावा येथे सरोवरात उतरलेल्या कड्यावर ओजिब्वे लोकांनी तांबड्या गेरूने काढलेली प्राचीन चित्रे आहेत. त्यांत मिशिपेशू नावाचा शिंगे असलेला जलदेव आहे. पाणी शांत ठेवणे वा खवळविणे त्याच्या हाती, अशी त्यांची श्रद्धा. हे चित्र पाहण्यासाठीच मुलीने प्रवासाचा हट्ट धरला होता. पण त्याच्याजवळ जाण्याची वाट म्हणजे पाण्यालगतची एक उतरती, निसरडी कडा. सरोवर शांत असेल तेव्हाच तेथे जावे, असा इशारा आहे. त्या दिवशी वारा सुटला होता आणि लाटा कडेवरून धुऊन जात होत्या.

वडिलांनी लाटांमधील अंतर मोजले. जवळजवळ दोन हजार किलोमीटर चालविलेली मोटार, मुलीला दिलेला शब्द, उद्या संपणारी रजा, या सर्वांनी त्यांना पुढे ढकलले. "तुम्ही येथेच थांबा. दोन मिनिटांत छायाचित्र घेऊन येतो," असे म्हणून त्यांनी कडेकडे पाऊल टाकले. तोच मुलीने त्यांचा सदरा घट्ट धरला. "बाबा, आधीच थांबा ना!"

घंटेपाशी विचारलेला प्रश्न असा विनवणी होऊन परत आला. वडिलांनी पाऊल मागे घेतले. थोड्याच वेळात एक मोठी लाट आली आणि सबंध कडा दिसेनाशी झाली. मुलगी रडली, कारण चित्र तिलाच सर्वांत अधिक हवे होते. आजींनी तिला जवळ घेतले. "देव दिसला नाही, तरी प्रदक्षिणा फुकट जात नाही हो."

दुसऱ्या दिवशी सू सेंट मेरीचा पूल ओलांडून फेरा पुरा झाला. घरी पोहोचल्यावर वडिलांनी वेळापत्रक काढून पाहिले. त्यातील एकही दिवस आखल्याप्रमाणे गेला नव्हता. मुलीने मात्र वहीत न पाहिलेला मिशिपेशू रंगविला, आणि त्याच्यासमोर, कडेपासून पुष्कळ मागे, हात धरून उभी असलेली पाच माणसे काढली.

मुलांना घेऊन प्रवासास निघणारे आईबाप त्यांना काय काय दाखवावे याची यादी करतात; ती अवश्य करावी. परंतु मुले त्या यादीबाहेरचेही पाहत असतात. वडीलधारी माणसे कोठे हट्टाने पुढे जातात आणि कोठे माघार घेतात, हे ती फार बारकाईने टिपतात. सरोवराला वळसा घालण्यास सात दिवस पुरतात. पाऊल मागे घेण्यास एक क्षण लागतो. त्या मुलीला वाटेतील किती गावे पुढे आठवतील, कोण जाणे; तिच्या शब्दाखातर बाबा मागे फिरले, हे मात्र ती विसरणार नाही.