मोठा जॉब आधी लावा

प्लॅस्टिक मोल्डिंगच्या एखाद्या कारखान्यात सकाळची शिफ्ट लागते आणि सुपरवायझरपुढे नेहमीचा पेच उभा राहतो: कुठला जॉब कुठल्या मशीनवर टाकायचा?

मशीन तीन आणि जॉब वीस असतील, तर वाटणीचे प्रकार भरतात ३४८ कोटींहून अधिक. पुढे एकेक जॉब वाढला की आकडा तिप्पट. अशा कोड्याचं झटपट आणि हमखास अचूक उत्तर देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. म्हणून कामचलाऊ पण भरवशाचे नियम वापरतात.

या भरवशाला गणिताचा आधार दिला अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या रोनाल्ड ग्रॅहम यांनी. जी मशीन आधी मोकळी होईल तिच्यावर यादीतला पुढचा जॉब टाकायचा, हा साधा नियम त्यांनी १९६६ मध्ये तपासला. यादी कितीही वेडीवाकडी असली, तरी सर्वोत्तम वेळेच्या दुप्पट वेळ कधीच लागत नाही, असं त्यांनी सिद्ध केलं.

समजा, तीन मशीनवर एकेका तासाचे सहा जॉब आहेत आणि तीन तासांचा एक. मोठा जॉब शेवटी ठेवला, तर सगळं आटपायला पाच तास. तोच आधी लावला, तर तीन तासांत काम फत्ते! ग्रॅहम यांनी १९६९ मध्ये या ‘मोठा आधी’ नियमाचीही हमी मोजली: सर्वोत्तम वेळेपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त उशीर होत नाही.

हा नियम चुकतोही. दोन मशीन आणि ३, ३, २, २, २ तासांचे जॉब घ्या. एका मशीनवर सात तास पडतात, दुसरीवर पाच. पण पहिलीवरचा तीन तासांचा जॉब दुसरीवर नेऊन तिथला दोन तासांचा इकडे आणला, की दोन्ही मशीन सहा तासांत मोकळ्या. वेळापत्रकाची सॉफ्टवेअरंही अशाच अदलाबदली करत सुधारत जातात, फक्त हजारोंनी.

प्रत्यक्षात भर पडते ती एका जॉबनंतर दुसरा लावतानाच्या सेटिंगच्या वेळेची. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या दाण्यानंतर काळा लावणं सोपं. काळ्यानंतर पांढरा लावायचा, तर मशीनच्या बॅरलमधला काळा माल पुरता निघेपर्यंत वेळही जातो आणि मालही. अशा वेळी फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जाणारा क्रम लावावा लागतो, आणि मोठ्या जॉबचा नियम थोडा वाकवावा लागतो.

तेव्हा लघुउद्योजक श्रोत्यांनी महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी एवढं करून पाहावं. सगळ्या जॉबचे तास, प्रत्येकाच्या कमीत कमी सेटिंगसकट, मिळवून मशीनच्या संख्येने भागावेत. याहून कमी वेळात काम उरकणं शक्यच नाही. आपलं वेळापत्रक या आकड्याच्या आसपास असेल, तर आणखी डोकं खपवू नये. शिफ्ट सुरू करावी.