पहिला वेचा आणि दिवाळीचा बाजार



दिवाळीच्या तोंडावर आपला पहिला वेचा ओलाच गावच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. भाव चांगला म्हणून नव्हे, किराणा आणायचा असतो म्हणून. २०२५ साली तर लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरलाच आले. १२ टक्क्यांवर ओलावा असला की सीसीआय कापूस घेत नाही. वाळवायला दम धरावा लागतो, आणि दम धरायला घरात चार पैसे लागतात.

तेवढ्यापुरता आपण पणत्या-रांगोळीचा धंदा करू. कोजागरी झाली की शहरातल्या ठोक बाजारातून माल आणायचा, आसपासच्या गावांचे आठवडी बाजार धरायचे. समजा, हजार पणत्या २ रुपयांप्रमाणे घेतल्या, ३ ला विकल्या. शंभर फुटतातच. हाती आले २७००. मुद्दल, एसटीचे भाडे, बाजाराची पावती वजा जाता चार-पाचशे उरतात. फार नाही; पण दोन-तीन खेपा झाल्या तर किराणा निघतो, कापूस घरात वाळतो.

उरलेली पणती पुढल्या वर्षी चालते. लाह्या-बत्ताशांना लक्ष्मीपूजनानंतर कोणी विचारत नाही, ते बेतानेच घ्या. फटाक्यांना परवाना लागतो. त्या वाटेला जाऊ नका. आणि उधारी सख्ख्या भावकीलाही नाही. ती तूर निघेपर्यंत वसूल होत नाही.