जुने पुस्तक कोणाचे?

गावच्या जत्रेची स्मरणिका निघायची असते, शाळेचे हस्तलिखित सजायचे असते, आणि मजकूर काही पुरत नाही. मग कोणीतरी माळ्यावरचे जुने पुस्तक काढतो. ‘जुनेच तर आहे, घ्या उतरून!’ पाने भरतात, आणि खाली नाव पडते ते उतरवून घेणाऱ्याचे.

यात दोन प्रश्न आहेत, आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. परवानगी कोणाची, हा एक. नाव कोणाचे, हा दुसरा. पुस्तक जुने झाले म्हणून नाव गाळता येत नाही. आणि नाव दिले म्हणून परवानगी मिळाली असेही होत नाही.

परवानगीचे गणित कायद्याने घालून दिले आहे. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. आरंभी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क राहत असे. १९९२ च्या दुरुस्तीने ही मुदत ६० वर्षे झाली. मोजायला सुरुवात करायची ती मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. १९५१ पासून ६० वर्षे मोजली की २०१० साल सरते. म्हणजे २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापावी.

बहिणाबाई चौधरींचा हिशेब थोडा निराळा आहे. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी टिपून ठेवलेल्या गाण्यांचे पुस्तक निघाले ते १९५२ साली. लेखकाच्या मागे जे प्रथम प्रसिद्ध होते, त्याची मुदत प्रसिद्धीच्या सालापासून धरतात. म्हणून त्या पुस्तकातली गाणी २०१२ सरल्यावर मोकळी झाली.

येथे एक खाचखळगा आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची, तिच्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही. पण परवा कोणी तिचा सुबोध अर्थ लिहिला, टीपा दिल्या, चित्रे काढली, तर तो अर्थ, त्या टीपा, ती चित्रे त्यांची. ओव्या घ्या, अर्थ आपला आपण लिहा, नाही तर पत्र घालून विचारा. एका पोस्टकार्डाचे काम आहे.

शिक्षकांना कायद्याने बरीच मोकळीक ठेवली आहे, हेही सांगितले पाहिजे. वर्गात शिकवताना उतारा द्यावा, प्रश्नपत्रिकेत घालावा, त्याला हरकत नाही. स्नेहसंमेलनात मुलांनी पालकांसमोर नाटक केले तरी चालते. तिकीट लावून पंचक्रोशी बोलावली, की मग नाटककाराला विचारायला हवे.

आता नावाचा प्रश्न. याला साठ वर्षांची मुदत नाही, आणि हा काही इंग्रजांनी आणलेला विचारही नव्हे. ‘तुका म्हणे’ ही सहीच आहे. तुकोबांच्या अभंगांत सालोमालो येतो. तो त्यांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवी, अशी परंपरा सांगते. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घुसडू नये म्हणून बजावून ठेवले. स्वतः एवढे मोठे कवी, पण दुसऱ्याच्या ग्रंथात आपले एक अक्षर नको!

मला खरी काळजी वाटते ती पुस्तकात नसलेल्या मजकुराची. हल्ली शाळांतून मुलांना जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सांगतात. काम फार चांगले. आजी सांगते, नातू लिहितो, गुरुजी सुधारतात, आणि छापताना गुरुजींचे नाव मोठ्या टाइपात येते. आजी कोठेच नाही. तिच्याकडे ना पुस्तक, ना वकील. ती तक्रार करायला येणार नाही. तेव्हा ओवी उतरवून झाली की वही मिटण्याआधी खाली दोन ओळी लिहून घ्या : सांगणारीचे नाव, गाव, तारीख. ‘ही मी सासूबाईंकडून ऐकली’ असे ती म्हणाली, तर सासूबाईंचेही नाव विचारा. आणि छापण्यापूर्वी तिला एकदा वाचून दाखवा. एखादी ओवी ‘ही नको बाबा, घरातली आहे’ असे ती म्हणेल. ती ओवी मग छापू नका.