आधी आठवा, मग उत्तर बघा



गोखिवऱ्याच्या तुमच्या शाळेने मला बोलावलं, बक्षीस देण्याचा मान दिला, त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही नाच-गाण्यांसाठी थांबला आहात, म्हणून एकच गोष्ट सांगतो.

‘सगळं वाचलं होतं, पेपरात आठवलंच नाही,’ हे प्रत्येक परीक्षेनंतर ऐकू येतं. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरचे प्रयोग मांडून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरलं जातं. काही दिवसांचं अंतर ठेवून उजळणी केली, तर ते टिकतं. आपल्याकडे तिन्हीसांजेला मुलं परवचा, म्हणजे पाढ्यांची उजळणी, म्हणायची. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ व्हायचे, ते या रोजच्या म्हणण्यातूनच.

आता फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर उजळणीच्या या कामात मदत करतं. त्यातलं ‘अँकी’ संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर फुकट मिळतं. कार्डावर आधी प्रश्न दिसतो, मग उत्तर. आठवलं, तर ते कार्ड काही दिवसांनी येतं, पुढे हे अंतर आणखी वाढतं. अडलं, तर लगेच पुन्हा समोर येतं. परवच्यात पाठ झालेले पाढेही रोज म्हणावे लागत. इथे मात्र जे अडतं, त्यालाच जास्त वेळ मिळतो.

कार्डं कशी करायची, यासाठी आपल्या वसईचंच उदाहरण घ्या. ‘वसईच्या तहाची माहिती लिहा’ असं एकच कार्ड करू नका. तीन करा. तह कधी झाला? ३१ डिसेंबर १८०२. कोणाकोणात? दुसरा बाजीराव आणि इंग्रज. बाजीराव वसईला का आला? यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ त्याच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला म्हणून. एका कार्डावर एकच प्रश्न, तोही स्वतःच्या शब्दांत. पण आधी धडा नीट समजून घ्या. न समजलेलं पाठ करण्यात अर्थ नाही.

आणि प्रश्न दिसला, की लगेच उत्तर उघडू नका. क्षणभर डोक्याला ताण द्या. आठवण्याच्या त्या धडपडीतच स्मरण पक्कं होतं; नुसतं पुन्हा पुन्हा वाचून ते तितकं होत नाही.

पालकांना एक विनंती. रोज पंधरा मिनिटं तुमचा फोन मुलांना यासाठी द्या. फोन नसेल, तर जुन्या वहीच्या पानांची कार्डं कापा आणि प्रश्न तुम्ही विचारा. परीक्षेच्या आदल्या रात्रीची जागरणं सोडा, आजपासून रोज थोडं आठवा.