निशाणावरील क्रूस



मोर्चात निशाण खांद्यावर घेणाऱ्या आम्हां कामगारांना कापडापेक्षा त्याच्या अर्थाचे मोल अधिक. म्हणून आज निशाणावरील क्रुसाचा अर्थ पाहू.

क्रूस हे मुळात देहदंडाचे साधन. रोमन राज्यात गुलामांना व बंडखोरांना त्यावर खिळीत. ख्रिस्ताच्या अनुयायांनी त्यालाच मुक्तीची खूण मानले. पुढे धर्मयुद्धांत तो सैनिकांच्या अंगावर आला. शिरस्त्राणाआड चेहरा दिसत नसे. ढालीवरच्या चिन्हावरून माणूस ओळखायचा. यातून कुलचिन्हांचे शास्त्र वाढले. गडद रंगावर गडद रंग ठेवू नये, मध्ये पांढरा किंवा पिवळा असावा, हा त्याचा नियम.

ब्रिटनचे निशाण घ्या. इंग्लंडच्या संत जॉर्जचा लाल क्रूस आणि स्कॉटलंडच्या संत अँड्र्यूची पांढरी फुली १६०६ मध्ये एकत्र आली; १८०१ मध्ये आयर्लंडची लाल फुली मिळाली. लाल पट्ट्यांची पांढरी किनार वरच्या नियमातली. वेल्सला मात्र त्यात जागा नाही, कारण तो आधीच इंग्लंडमध्ये धरलेला! संतांची चिन्हे अशी सत्तेची वहीखाते झाली.

उलट, रणांगणावरील जखमींच्या सेवेसाठी १८६४ च्या जिनीव्हा कराराने पांढऱ्यावर लाल क्रूस स्वीकारला. स्वित्झर्लंडच्या निशाणाचे ते उलटे रंग. त्यात धर्मप्रचाराचा हेतू नव्हता. तरीही १८७६ मध्ये तुर्कस्तानने, आपल्या मुसलमान सैनिकांच्या भावना दुखावतात म्हणून, त्याऐवजी लाल चंद्रकोर घेतली. चिन्हाचा अर्थ लावणाऱ्याइतकाच पाहणाराही ठरवतो, तो असा.

आता घरचे उदाहरण. आपल्या आरमाराच्या निशाणावर स्वातंत्र्यानंतरही संत जॉर्जचा क्रूस होता. २००१ मध्ये तो काढला, २००४ मध्ये परत आला, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत कायमचा उतरला. त्या जागी शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली अष्टकोनी चौकट आली. हे योग्यच झाले.

पण का योग्य, हे नीट समजून घ्या. उतरले ते परक्या राजसत्तेचे चिन्ह. कोणाची श्रद्धा नव्हे. वसईच्या वाटेवर क्रुसापुढे मेणबत्ती लावणारा कोळी आमचाच भाऊ आहे. गिरणीत आणि गोदीत तो आमच्या शेजारी उभा राहिला आहे. निशाण बदलल्याच्या आनंदात त्याच्याकडे बोट दाखवणारा कोणी भेटला, तर त्याला हा फरक सांगा, एवढीच विनंती.